अंदमानला पक्षी आणि पालींचे फोटो काढायला जाताना कोणती लेन्स न्यावी?

फेब्रुवारीत आठ दिवस अंदमानला जाताय, पक्षी आणि पाली-सरडे टिपायचेत, त्यासाठी १५०-६०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. न्या, पण विकत घेऊ नका, भाड्याने न्या. आणि विमानात बसायच्या आधी तिच्यासोबत दोन-तीन रविवार ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीला घालवा. मी ठाण्यात राहतो, अंदमानला दोनदा जाऊन आलोय, आणि दुसऱ्या खेपेला जे फोटो मिळाले ते ठाणे खाडीत हात बसल्यामुळे मिळाले.

ही लेन्स दोन किलोच्या आसपास भरते. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात आणि जानेवारीत खाडीत फ्लेमिंगो आलेले असतात. बोटीत लेन्स काठावर टेकवू नका, इंजिनाची थरथर सरळ फोटोत उतरते. कोपरं पोटाशी धरा, शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका. काळ्या चिखलामुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि पिसांचा पांढरा भाग जळतो, म्हणून एक्सपोजर (फोटोतला उजेड) अर्धा-पाऊण स्टॉप, म्हणजे थोडं, खाली ठेवा.

याहून मोठी शिकण्याची गोष्ट अंतराची आहे. फ्लेमिंगो माना खाली घालून चिखल गाळत असतात. सगळ्यांच्या माना एकदम वर आल्या आणि थवा एका दिशेने चालू लागला, की समजा आपण फार जवळ आलो. तिथेच थांबायचं. उडणारा थवा हवा म्हणून बोट आत घालायला सांगणारे मी पाहिलेत, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ते पक्षी पोट भरायला आलेले असतात.

आता अंदमान. ते आपल्यापेक्षा जवळजवळ २० अंश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. फेब्रुवारीत पावणेसहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. जंगलात तर साडेचारलाच अंधारून येतं. दुपारी जेवून निघू म्हणाल तर दिवस हातचा गेला.

पहिल्या खेपेला मी पहाटे एसी गाडीने अंदमानातल्या चिडिया टापूच्या जंगलात गेलो. उतरलो तर समोर वाळक्या खोडावर अंदमानचा सुतार पक्षी! काळाकुळकुळीत, डोक्यावर लाल तुरा. हा जगात फक्त याच बेटांवर आहे. कॅमेरा डोळ्याला लावला तर नुसतं धुकं. काच पुसली, पुन्हा धुकं. गार लेन्स दमट हवेत आली की हे होणारच. पक्षी दहा मिनिटं टोचे मारत बसला होता आणि माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही. आता मी गाडीचा एसी बंद ठेवायला सांगतो, आणि कॅमेरा निघण्याआधी तासभर बंद बॅगेतच खोलीबाहेर ठेवतो.

पालींसाठी १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, वेगळी न्या. अंदमानची हिरवी पाल दिवसा हिंडते. केळीवर, सुपारीच्या खोडावर, अगदी घराच्या भिंतीवरही दिसते. रंग पोपटी, पाठीवर लाल ठिपके. आपल्या घरातल्या पालीच्या डोळ्यात उभी चीर असते, हिची बाहुली गोल. हिचे भाऊबंद थेट मादागास्करकडे राहतात! मुक्कामाच्या घरामागे एका केळीखाली मी दीड तास बसलो होतो. मी जरा हललो की ती खोडाच्या पलीकडे जायची, फक्त एक डोळा इकडे. मग हलणंच सोडलं. अर्ध्या तासाने ती आपणहून अलीकडे आली, केळफुलातला मध चाटला आणि जिभेने स्वतःचा डोळा पुसून घेतला. पापण्या नसतात ना! मला हवा होता तो फोटो तोच.

याचा सराव ठाण्याच्या येऊरच्या जंगलातल्या सरड्यांवर करता येईल. सरड्याच्या डोळ्याच्या पातळीवर या, म्हणजे जमिनीवर आडवं पडा. अंदमानात मात्र खारफुटीच्या कडेला असं कधीही पडू नका, तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. सूचनेचे फलक असतात, ते खरे माना.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला, आणि तो हातातलं काम टाकून भांडायला येतो. कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यावर रात्री फ्लॅश किंवा पांढरी बॅटरी नको. बाराटांगच्या रस्त्यावर जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जाताना कॅमेरा बॅगेतच राहू द्या, तिथे फोटो काढणं गुन्हा आहे. आणि नार्कोंडम धनेश या पक्ष्याचा हट्ट धरू नका. तो जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या एकाच बेटावर राहतो आणि तिथे खास परवानगीशिवाय जाता येत नाही.

सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि झिपच्या पिशव्या ठेवा. समुद्रावरून आलात की गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने लेन्सची नळी पुसा, कोरड्याने नको, मिठाचे कण ओरखडे पाडतात. ऐरोलीच्या बोटींची वेळ भरतीवर ठरते, रोज बदलते, म्हणून आधी फोन करूनच निघा.