‘बाय हँड’ म्हणजे मारूनमुटकून?

प्रश्न असा आला आहे: डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये अनाथ नायक पिप याची मोठी बहीण ज्याला-त्याला सांगते, या पोराला मी ‘बाय हँड’ वाढवलं. म्हणजे मारूनमुटकून वाढवलं का?

पिपचाही तोच समज आहे, आणि गंमत तिथेच आहे. खरा संबंध दुधाशी. आई नसलेल्या तान्ह्या बाळाला अंगावर पाजणारी दाई मिळाली तर ठीक, नाहीतर चमच्याने किंवा बाटलीने भरवायचं. हे दुसरं म्हणजे ‘बाय हँड’. आपण ‘वरच्या दुधावर वाढवलं’ म्हणतो ना, तेच. बाटल्या निर्जंतुक करण्याचे दिवस अजून यायचे होते, त्यामुळे अशी बाळं फार दगावत. पोर जगलं हीच मिरवण्याची गोष्ट, आणि ही बाई ती पुरेपूर मिरवते. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्येही (१८३७-३९) अनाथ ऑलिव्हर असाच ‘बाय हँड’ वाढतो.

पण बहिणीचा हात जड. तो पिपवर चालतो तसा तिच्या नवऱ्यावर, ‘जो’ नावाच्या लोहारावरही चालतो. मग पोर आपल्यापुरता अर्थ लावतं: आम्ही दोघेही ‘बाय हँड’ वाढलो असणार! (बिचारा जो!)

हा विनोद पहिल्या काही पानांत संपत नाही. १८६०-६१मध्ये आठवड्याच्या हप्त्यांनी आलेल्या या कादंबरीत हात जागोजागी येतात. पत्ते खेळताना एस्टेला ही श्रीमंत घरातली गर्विष्ठ मुलगी पिपच्या राठ हातांना नावं ठेवते, आणि तोवर स्वतःच्या हातांचा विचारही न केलेल्या पोराला त्यांची लाज वाटू लागते. वकील जॅगर्स अशिलं गेली की सुगंधी साबणाने हात धुतो. पिपला पैसा मिळणार हे कळताच जोचा काका पंबलचूक त्याला जेवू घालतो आणि घासाघासाला ‘मे आय? मे आय?’ करत हस्तांदोलनाची परवानगी मागतो. मला पुस्तकातला सगळ्यात खमंग प्रसंग हाच वाटतो. पिपला गुपचूप पैसा पुरवणारा कैदी मॅग्विच दोन्ही हात पुढे करून येतो तेव्हा पिप अंग चोरतो; पुढे त्याच्या मरणकाळी मात्र तोच हात धरून बसतो.

म्हणून मराठीत आणताना नुसतं ‘वरच्या दुधावर’ लिहू नये. अर्थ बरोबर, पण हात गेला, आणि त्याबरोबर पिपचा गैरसमजही. ‘हाताने वाढवलं’ तर पोळीभाजीसारखं वाटतं. मी बहिणीच्या तोंडी ‘माझ्या हाताखाली वाढलाय तो’ घालीन. त्यात सांभाळही येतो आणि धपाटाही. दूध तेवढं निसटतं. ते तिच्याच आधीच्या एखाद्या वाक्यात, ‘वरचं दूध पाजून जगवलाय’ असं घुसवता येईल.