जुना लॅपटॉप घेताय? आधी प्रोसेसरचा आकडा बघा

बजेट कमी असेल तर नव्या स्वस्त मॉडेलपेक्षा ऑफिसातून निघालेला लेनोवोचा थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड घ्या. बिजागरी मजबूत असते, सुटे भागही मिळतात. पण प्रोसेसरचा आकडा आधी वाचा. इंटेलचा आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. आय५-७२००यू सातवी, ते विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे 'टेन टाकून देतो' या बोलीवर जादा पैसे मोजू नका.

सातव्या पिढीचं मशीन फारच स्वस्त मिळत असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम वापरा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घालून दुकानातच लाइव्ह, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालवा. इन्स्टॉल करायची गरज नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा, बरीच मशीन इथेच अडकतात, पुन्हा जागी होत नाहीत. वायफाय दिसलं नाही तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची असते, ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागतो. हिशेबाचं टॅली किंवा मराठी टायपिंगचं श्रीलिपी लागणार असेल तर मात्र मुकाट्याने विंडोजच.

रॅम ८ जीबी हवीच, आणि ती बोर्डाला सोल्डर केलेली आहे का ते विचारा. तशी असेल तर पुढे बदलता येत नाही. हार्डडिस्क असेल तर तिच्याजागी एसएसडी (जास्त वेगवान स्टोरेज) बसवा.

सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो. त्यात घराजवळ यंत्रमाग असेल तर सुताचे बारीक तंतू पंख्यात बसतात, मशीन तापून मंद होतं. मार्चआधी पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला. आणि चादरीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी झाकली जाते.