राजांच्या रांगेत क्रॉमवेल कसा?

प्रश्न: मुलाकडे मँचेस्टरला गेलो होतो, तिथून जवळच रोचडेलचा टाउन हॉल बघितला. खिडक्यांच्या रंगीत काचांवर इंग्लंडचे सगळे राजे-राण्या आहेत, पण त्यांच्यात क्रॉमवेलपण! हा तर राजा नव्हताच ना?

उत्तर: बरोबर पकडलंत. काका, ती रांग सुरू होते १०६६ च्या विल्यम द कॉन्करर पासून आणि मधेच हा बिनमुकुटाचा गडी, ज्याच्या लोकांनी १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचं मुंडकं उडवलं, मग १६५३ पासून मरेपर्यंत म्हणजे १६५८ पर्यंत हाच लॉर्ड प्रोटेक्टर, म्हणजे राजाच्या जागी देशाचा प्रमुख, १६५७ मध्ये पार्लमेंटने मुकुट देऊ केला तर तोही नको म्हणाला. म्हणजे राजा नाही, पण कारभार त्याचाच, आणि मला विचाराल तर काही राजांपेक्षा जास्तच चालला! हॉल १८७१ चा. तेव्हाचं रोचडेल म्हणजे गिरण्यांचं, लिबरल मतांचं, सरकारी चर्चपासून फटकून राहणाऱ्यांचं गाव, त्यांना राजाविरुद्ध उभा राहिलेला क्रॉमवेल आपलाच वाटणार. काचा हीटन, बटलर अँड बेन या लंडनच्या कंपनीच्या. रंग काचेतच असतो बरं का, चेहऱ्याच्या रेघा तेवढ्या वरून रंगवून भट्टीत भाजतात आणि तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात.