टब ठेवायचा की शॉवर बसवायचा? आधी काठ ओलांडण्याचं बोलू

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 74, आयुष्यभर टबात निवांत बसून आंघोळ करायची सवय, मध्यंतरी बाहेर येताना पाय सटकला आणि कसाबसा तोल सावरला. तेव्हापासून मुलगी टब काढून शॉवर बसवू म्हणते आहे. तुम्हाला मात्र शॉवरखाली उभं राहून आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. कुणाचं ऐकायचं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांची बाथरूम पाहणं, काय बदलावं ते सांगणं हा माझ्या कामाचा मोठा भाग होता. माझं मत आधीच सांगून टाकते. आंघोळ बसून होते की उभ्यानं, आणि आत-बाहेर करताना पाय किती उंच उचलावा लागतो, या दोन गोष्टींवर तुमची सुरक्षितता ठरते. या दोन्ही जमवता आल्या, तर टब ठेवायचा की नाही हे तुमच्या आवडीवर सोडायला माझी काही हरकत नाही. आणि आवड ही किरकोळ बाब आहे असं मी अजिबात मानत नाही. ज्या माणसाला आंघोळ नकोशी होते, तो हळूहळू ती टाळायला लागतो. मग त्वचेच्या तक्रारी सुरू होतात, मन उदास राहतं, चारचौघांत जाणं कमी होतं.

मुलीची काळजीही खरी आहे. अमेरिकेत 2008 साली, 15 वर्षांवरच्या सुमारे 2 लाख 34 हजार लोकांना बाथरूममधल्या दुखापतीसाठी तातडीच्या विभागात जावं लागलं, असा तिथल्या रोग नियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. त्यातल्या दहापैकी आठ दुखापती पडल्यामुळे झालेल्या होत्या. एक तृतीयांशाहून जास्त दुखापती आंघोळ करताना किंवा टब-शॉवरमधून बाहेर पडताना झाल्या. वय वाढत जातं तसं हे प्रमाणही वाढत जातं.

आता 'बाहेर पडताना' याकडे नीट बघा, कारण तुमचा पायही तेव्हाच सटकला. आत जाताना माणूस कोरडा असतो, सावध असतो, बहुतेकदा चष्माही डोळ्यांवर असतो. बाहेर येताना सगळंच उलटं झालेलं असतं. गरम पाण्यानं त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, त्यामुळे रक्तदाब उतरलेला असतो. टबात बसलेलं असताना पाण्याचा दाब पाय आणि पोट बाहेरून आवळून धरतो आणि रक्त छातीकडे ढकलतो. तुम्ही उठलात की तो आधार एका क्षणात जातो, रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तरुण शरीर हे चटकन सावरतं. वयानुसार ती सावरण्याची क्रिया मंदावते. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची काही औषधं यांनी ती आणखी मंदावते. त्यात तळवे ओले, आरसा वाफेनं धुरकटलेला, चष्मा आणि कानातलं यंत्र बाहेर ठेवलेलं. अशा अवस्थेत एका पायावर उभं राहून दुसरा पाय काठावरून पलीकडे टाकायचा. साध्या टबाचा काठ 35 ते 50 सेंटिमीटर उंच असतो. दिवसभरात इतका उंच पाय आपण दुसऱ्या कुठल्याच कामासाठी उचलत नाही.

म्हणून टब ठेवायचा असेल तर बाहेर येण्याची रीत बदला. आधी बूच काढा आणि पाणी पूर्ण वाहून जाऊ द्या, तोवर बसूनच राहा. भोवळ आलीच, तर निदान टब रिकामा असेल. बसल्या जागी अंगावर टॉवेल घ्या, थंडी वाजणार नाही. पाण्याखालून बाहेर आलेलं शरीर दोन-तीन मिनिटांत जुळवून घेतं, घाई करू नका. उठताना थेट उभं राहण्यापेक्षा एका कुशीवर वळून गुडघ्यांवर या, दोन्ही हात काठावर रोवा, मग एक पाऊल सपाट टेकवून वर या. गुडघे दुखत असतील तर ही रीत तुमच्यासाठी नाही. त्याचा उपाय पुढे सांगते.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा रक्तदाब आडवं पडून आणि मग उभं राहून, असा दोन्ही वेळा मोजायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं उतरत असेल, तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. तसं असेल तर गरम पाण्यात बसून राहणं बंद. हा एक मुद्दा मी आवडीवर सोडणार नाही.

जपानमध्ये बहुतेक घरांत खोल टब असतो आणि हिवाळ्यात टबातच वृद्धांचे मृत्यू होण्याचं प्रमाण तिथे मोठं आहे. तिथल्या ग्राहक व्यवहार विभागाच्या सूचना जगात कुठेही लागू पडतील अशा आहेत: पाणी 41 अंश सेल्सिअसपेक्षा गरम नको, पाण्यात 10 मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही, कपडे बदलायची जागा आणि बाथरूम आधी उबदार करून घ्यायची, जेवल्या-जेवल्या किंवा मद्य घेतल्यावर टबात उतरायचं नाही, आणि घरातल्या कुणाला तरी सांगून आत जायचं. थंड खोलीत कपडे उतरवताना रक्तदाब चढतो आणि गरम पाण्यात शिरल्यावर तो झपकन खाली येतो. हृदयाला ही चढउतार सोसवत नाही.

पण टबाची बाजूही तितक्याच मोकळेपणानं मांडायला हवी. त्याच जपानमध्ये 40 ते 59 वयाच्या सुमारे 30 हजार लोकांवर 1990 पासून जवळपास वीस वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. रोज किंवा जवळपास रोज टबात बसणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात यांचं एकत्रित प्रमाण, आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी बसणाऱ्यांपेक्षा 28 टक्क्यांनी कमी दिसलं. हे निरीक्षण आहे. मुळात धडधाकट माणसंच जास्त वेळा टबात बसत असतील, ही शक्यता उरतेच. शिवाय ही माणसं सुरुवातीला मध्यमवयीन होती, म्हणून 74 व्या वर्षी टब सुरू करा असा याचा अर्थ मी काढणार नाही. पण सवयीचा टब हा शरीराचा शत्रू आहे, असंही कुणी म्हणू नये. सांधेदुखीत तर पाण्यानं अंग हलकं होतं, स्नायू सैल पडतात आणि उबेनं सकाळचा ताठरपणा ओसरतो. हे सुख शॉवरखाली फारसं मिळत नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

झोपेसाठी म्हणाल तर दोन्ही चालतात. 2019 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता. झोपण्याआधी एक ते दोन तास, 40 ते 42.5 अंशांच्या पाण्यानं दहा मिनिटं आंघोळ केली की झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं त्यात दिसलं. तळहात आणि तळपायांतून उष्णता बाहेर पडून शरीराचं आतलं तापमान उतरतं, त्यामुळे हे होतं. ते अभ्यास सगळ्या वयाच्या लोकांचे होते. तुम्ही मात्र 41 अंशांच्या आतच राहा.

आता शॉवरकडे वळू. शॉवर म्हणजे सुरक्षित, असं सरसकट धरून चालतात, ते मला पटत नाही. आपला तोल तीन गोष्टी सांभाळतात: डोळे, आतला कान आणि तळव्यांची संवेदना. शॉवरखाली केस धुताना आपण साबणामुळे डोळे मिटतो, मान मागे टाकतो आणि ओल्या फरशीवर उभे असतो, म्हणजे तिन्ही आधार एकाच वेळी डळमळतात. मधुमेहानं तळव्यांची जाणीव कमी झालेली असेल, तर विचारायलाच नको. पाय धुण्यासाठी वाकायचं किंवा एक पाय उचलायचा, हे तर उभ्यानं करूच नये. त्यामुळे मुलीनं शॉवर बसवून दिला आणि तुम्ही त्याखाली उभ्या राहिलात, तर धोका फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला.

शॉवर घ्यायचा तर बसून घ्या. रबरी बुडाच्या पायांची, पाठ आणि हात असलेली शॉवर-खुर्ची, लांब नळीचा हँड शॉवर आणि बसल्या जागेवरून हात पोहोचेल असा नळ, एवढं असलं की ही आंघोळ फार सुखाची होते. मी ज्यांना बसून हँड शॉवर घ्यायला लावलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना उभ्यानं घेण्याची आठवणही नकोशी झाली. खांद्यावर कोमट पाण्याची धार धरून पाच मिनिटं बसता येतं. टबाच्या जवळपास जाणारं सुख हेच.

गुडघ्यांसाठी उपाय सांगते म्हटलं होतं. टब न काढताही काठ ओलांडणं टाळता येतं. त्यासाठी एक लांब बाक मिळतो. त्याचे दोन पाय टबाच्या आत राहतात, दोन बाहेर. बाहेरच्या टोकावर बसायचं, सरकत आत जायचं आणि एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचा. एका पायावर उभं राहण्याची वेळच येत नाही. पडदा मात्र बाकाच्या फटीतून नीट आत खोचून घ्या, नाहीतर पाणी बाहेर फरशीवर येतं आणि नवीच घसरण तयार होते. यात तुम्ही वर बसून हँड शॉवर घेता, पाण्यात बुडून बसणं होत नाही. ते हवंच असेल तर टबात खाली-वर होणारी बॅटरीवरची खुर्ची मिळते. ती काठाच्या उंचीवर थांबते, तुम्ही बसता आणि ती तुम्हाला अलगद पाण्यात उतरवते. तुमच्या बाबतीत मी आधी हीच आजमावून पाहिली असती.

दार असलेल्या टबाची कल्पना कुणी सुचवली तर जरा थांबा. दार लावून आत बसल्यावर पाणी भरतं आणि सगळं पाणी वाहून गेल्याशिवाय दार उघडत नाही. म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी ओल्या अंगानं कुडकुडत बसावं लागतं, आणि बरं वाटेनासं झालं तरी लगेच बाहेर येता येत नाही. फार थोड्या लोकांना मी तो सुचवला.

टब असो की शॉवर, आधाराची दांडी भिंतीत पक्की बसवलेलीच हवी. टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून उठू नका, ती माणसाच्या वजनासाठी बनवलेलीच नसते. अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे आधाराच्या दांडीनं सुमारे 113 किलोचा भार पेलायला हवा. रबरी चकतीनं भिंतीला चिकटणाऱ्या दांड्या प्रवासात नेतात, पण त्यांच्यावर जीव सोपवू नये. टबात तेल घालणंही सोडा, त्वचा मऊ होते खरी, पण तळ काचेसारखा निसरडा होतो.

पाण्याच्या उष्णतेबद्दल एवढंच: 60 अंशांचं पाणी पाच सेकंदांच्या आसपास खोलवर भाजू शकतं, आणि वयानं पातळ झालेली त्वचा त्याहूनही लवकर भाजते. नळावर तापमान बांधून देणारा झडप बसवून घ्या. गीझरच मुळात कमी तापमानावर ठेवणं हा उपाय नाही, कारण 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांबरोबर फुप्फुसात जातात. शॉवर बरेच दिवस वापरला नसेल तर आधी पाणी काही मिनिटं वाहू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

रोज आंघोळ हवीच का, असंही तुम्ही ओघात विचारलं आहे. त्वचेसाठी रोज गरज नाही. वयानुसार तेलग्रंथी कमी तेल बनवतात, आणि गरम पाणी नि साबण उरलेलं तेलही धुऊन नेतात. आपल्या त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कपणा मोजणारा आकडा) 5 च्या आसपास असतो, साध्या साबणाचा 9 ते 10. रात्री पाय खाजतात ते बऱ्याचदा यामुळेच. काखा, जांघा, पावलं रोज स्वच्छ करा, तिथेच सौम्य साबण लावा, बाकी अंगाला नुसतं पाणी पुरे. टॉवेलनं घासू नका, टिपून घ्या, आणि अंग दमट असतानाच मॉइश्चरायझर लावा. ते बसूनच लावा आणि तळव्यांना लावलंत तर मोजे घालूनच उभं राहा.

एक मात्र मुलीला जरूर वाचून दाखवा. एकेकाळी आंघोळ आवडणारी वयस्क व्यक्ती ती टाळायला लागली, तर 'हट्टीपणा' म्हणण्याआधी भीती वाटते का ते विचारायला हवं. सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये रोजच्या स्वावलंबनाची जी मोजपट्टी मांडली, तिच्यात आंघोळ पहिली येते, कारण बहुतेकांना पहिली मदत तिथेच लागते. ती मदत मागणं फार अवघड जातं. विस्मरणाचा आजार असलेल्यांना तर डोक्यावरून अचानक येणारं पाणी हल्ल्यासारखं वाटतं. 2004 च्या एका अमेरिकन अभ्यासात अशा रुग्णांना त्यांच्या कलानं शॉवर दिला, किंवा अंथरुणातच पांघरून ठेवून ओल्या उबदार टॉवेलांनी पुसलं. आक्रमक होण्याचे प्रसंग निम्म्याहून जास्त घटले.

आता तुमचं. कपडे घालून, कोरड्या टबात, मुलगी शेजारी उभी असताना एकदा आत-बाहेर करून पाहा. आधार नेमका कुठे शोधता, हात कुठे जातो, ते तिला खडूनं भिंतीवर टिपायला सांगा. दांडी तिथेच बसवायची. मग काठाची उंची, टबाच्या आतली रुंदी, चालू असलेल्या गोळ्या आणि उभ्यानं मोजलेला रक्तदाब इथे लिहा. कंबरेचा सांधा बदलला असेल तर तेही लिहा, कारण मग टबात खाली बसण्याबद्दल तुमच्या सर्जनना विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही. तोवर टब काढू नका, आणि घरात एकट्या असताना त्यात उतरूही नका.