आजोबांचा सर्व्हेचा बॅरोमीटर साताऱ्यात ३,३०० फूट दाखवतो. बिघडलाय का?

तुम्ही लिहिलंय की चामड्याच्या डबीत आजोबांचा पितळी बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र, सापडला. डायलवर आत दाबाचे इंच, बाहेर उंचीचे फूट, आणि कडेने फिरणारं छोटं भिंग. साताऱ्याची उंची २,४०० फुटांच्या आसपास असताना सुई ३,३०० वर उभी आहे, आणि कुणीतरी मागचा स्क्रू फिरवून ती 'बरोबर' करायला सांगितलंय.

स्क्रूला हात लावू नका. मी साताऱ्यात घड्याळं आणि असली जुनी यंत्रं दुरुस्त करतो, आणि तुम्ही सांगताय त्यावरून तुमचं यंत्र बहुतेक ठणठणीत आहे.

आधी इंचाची पट्टी वाचा. सुई साडेसत्तावीसच्या जवळपास असेल, तर साताऱ्यातल्या हवेचा दाब तेवढाच असतो. वर चढावं तसा दाब कमी होतो, म्हणून दाबावरून उंची काढता येते; गोंधळ त्या फुटांच्या पट्टीचा आहे. सर्व्हेच्या जुन्या बॅरोमीटरवर ही पट्टी इंग्लंडचे शाही खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या कोष्टकावरून आखत, आणि त्यात शून्य फूट म्हणजे ३१ इंच दाब. समुद्रकाठी दाब साधारण ३० इंचांच्या घरात असतो, ३१ ला तो जवळजवळ कधीच पोचत नाही. म्हणून शून्य तिथे ठेवलं, की उणे आकडा यायलाच नको. या पट्टीवरचा एकटा आकडा म्हणजे उंची नव्हे, दोन ठिकाणच्या आकड्यांमधला फरक म्हणजे उंची. (खाणीतल्या बॅरोमीटरवर शून्याच्या पलीकडचे, खोलीचे फूटही आखलेले असतात. तुमच्यावर तसे नसतील तर तो जमिनीवरच्या मोजणीचा.)

खरी परीक्षा अजिंक्यताऱ्यावर. घरी आकडा घ्या, गडावर पोचून घ्या, उतरून पुन्हा घरी घ्या. प्रत्येक ठिकाणी यंत्र आडवं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण सुई हलवणाऱ्या आतल्या निर्वात डबीची धातूची पापडी दाब बदलल्यावर लगेच पूर्ण सैल होत नाही. मग काचेवर नखाने हलकी टिचकी मारा. सुई किंचित थरथरते आणि जागेवर बसते. चढताना ती डावीकडे सरकली पाहिजे. टिचकी मारल्यावर मोठी उडी घेतली, तर आत घाण किंवा गंज आहे.

वेळ मात्र जपा. आपल्याकडे कोरड्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमाराला दाब सगळ्यात जास्त आणि दुपारी चारच्या सुमाराला सगळ्यात कमी असतो. फरक इंचाच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे तुमच्या पट्टीवर जवळजवळ शंभर फूट! यंत्र टेबलावरून हललंसुद्धा नाही तरी. म्हणूनच सर्व्हेवाले एक बॅरोमीटर छावणीत ठेवून ठरावीक वेळेला त्याचे आकडे लिहीत आणि दुसरा बरोबर नेत. तुमच्याकडे एकच आहे, म्हणून घरचे आधीचे आणि नंतरचे आकडे वेळेसकट लिहा. दोन्हींत फरक आला, तर गडावरच्या वेळी घरी किती असेल ते त्यांच्यामधून काढा.

आता तपमान. एअरींची पट्टी ५० अंश फॅरनहाइटच्या हवेसाठी आहे, आणि आपल्या उन्हात ती कमी दाखवते. घरच्या आणि गडावरच्या फॅरनहाइट तपमानांची बेरीज करा, त्यातून शंभर वजा करा, हजाराने भागा, येईल त्याने दोन ठिकाणच्या फुटांच्या फरकाला गुणा आणि तेवढे फूट फरकात मिळवा. समजा खाली ८६, वर ८२ आणि फरक ९०० फूट. १६८ वजा १०० म्हणजे ६८, हजाराने भागून ९०० ने गुणलं की ६१ फूट वाढवायचे. डायलवर 'कंपेन्सेटेड' लिहिलेलं असलं तरी ही दुरुस्ती करावीच लागते. तो शब्द यंत्राच्या धातूपुरता आहे, हवेशी त्याचा संबंध नाही.

गड चढणं जमत नसेल तर माहुलीच्या सातारा स्टेशनावरून लोणंदला रेल्वेने जा. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. एका गिऱ्हाइकाचा बॅरोमीटर मी मांडीवर घेऊन असा गेलो होतो. वाठार, आदर्की, सालपे, एकेका पाटीला वहीत आकडा. आदर्कीनंतर गाडी घाट उतरायला लागली आणि भिंगाखाली सुई उजवीकडे सरकताना दिसली, तो आनंद मी विसरलेलो नाही.

एक कळकळीची विनंती. डायल पितळेच्या पॉलिशने घासू नका. ती पितळेवर चढवलेली चांदीची पातळ झिलई असते आणि आकडे काळ्या मेणाने भरलेले असतात. माझ्याकडे एक यंत्र आलं होतं, घरच्यांनी प्रेमाने चकचकीत केलेलं. पट्टीचे निम्मे आकडे पुसून गेले होते. सुई फिरवणारी आतली साखळी केसासारखी बारीक असते, मागचं झाकण घरी उघडू नका. विमानाच्या कुरिअरनेही पाठवू नका, पट्टीबाहेरच्या उंचीवर आतल्या निर्वात डबीवर ताण येतो.

गडाचे तिन्ही आकडे, वेळा आणि दोन्ही तपमानं इथेच लिहा, हिशोब मी करून देतो.