वाचकांचे प्रश्न : कैगाची वीज, काळीचे पाणी आणि रात्रीची मोटर

कर्नाटकात कारवारजवळ, काळी नदीकाठी असलेल्या कैगा अणुवीज केंद्राबद्दल सीमाभागातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

अणू फुटला की थेट वीज मिळते का? कैगाला नेमके काय होते?
– बारावीची विद्यार्थिनी, निपाणी

थेट वीज मिळत नाही. अणुभट्टीचे काम पाणी तापवण्याचे. वाफ, टर्बाइन, जनित्र हे पुढचे सगळे कोळशाच्या केंद्रात असते तसेच.

कैगाला 220 मेगावॅटच्या चार भट्ट्या आहेत. इंधन म्हणजे खाणीतून येते तसे, समृद्ध न केलेले युरेनियम. त्यातले सहज फुटणारे युरेनियम-235 फक्त 0.7 टक्के असते. त्याच्या गोळ्या झिर्कोनियम मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात आणि 19 नळ्यांचा एक जुडगा बांधतात. तो अर्धा मीटर लांब असून त्यात साधारण 15 किलो युरेनियम ऑक्साइड मावते. एका भट्टीत 306 आडव्या नलिका आणि प्रत्येकीत असे 12 जुडगे.

अणू फुटताना सुटणारे न्यूट्रॉन फार वेगवान असतात. ते मंदावले तरच पुढचा अणू फोडण्याची शक्यता वाढते. साधे पाणी त्यांना मंदावते, पण बरेचसे गिळूनही टाकते, आणि 0.7 टक्क्यांच्या इंधनाला ती उधळपट्टी परवडत नाही. म्हणून महागडे जड पाणी, म्हणजे साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेले पाणी, वापरावे लागते. नलिकांबाहेरच्या टाकीतले जड पाणी न्यूट्रॉन मंदावते. नलिकांमधून फिरणारे वेगळे जड पाणी उष्णता घेऊन सुमारे 293 अंशांना बाहेर पडते. हवेच्या दाबाच्या 80 पटींहून अधिक दाबाखाली असल्याने ते उकळत नाही. स्टीम जनरेटरमध्ये ते हजारो बारीक नळ्यांतून जाते, नळ्यांबाहेरचे साधे पाणी उकळते आणि ती वाफ टर्बाइनला मिनिटाला 3000 फेरे देते.

भट्टीत 755 मेगावॅटच्या आसपास उष्णता तयार होते, वीज मिळते 220. उरलेली उष्णता कंडेन्सरमधून, म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातून, काळी नदीवरच्या कद्रा जलाशयाच्या पाण्यात जाते. हा तोटा मोठा आहे. मात्र इंधन किती लागते पाहा : रोज आठेक जुडगे, म्हणजे जेमतेम 120 किलो. तेवढीच वीज कोळशावर करायची तर रोज साडेतीन हजार टनांहून जास्त कोळसा, म्हणजे जवळजवळ एक अख्खी मालगाडी. शिवाय जुडगे बदलायला भट्टी बंद करावी लागत नाही; यंत्र एका टोकाने नवा सारते, दुसऱ्या टोकाने जुना काढते. कैगाचे पहिले युनिट मे 2016 ते डिसेंबर 2018 असे सलग 962 दिवस चालले, तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता.

बिघडते काय? स्टीम जनरेटरची नळी झिरपली तर जड पाणी साध्या पाण्यात उतरते. भट्टीतल्या नलिका किरणांनी आणि उष्णतेने हळूहळू लांबतात, मध्ये वाकतात, हायड्रोजन शोषून ठिसूळ होतात. त्यामुळे पंचवीस-तीस वर्षांनी सगळ्या नलिका बदलाव्या लागतात आणि त्यासाठी भट्टी दीर्घकाळ बंद राहते.

तिथे बॉम्बसारखा स्फोट होऊ शकतो का?
– बेळगाव

नाही. 0.7 टक्क्यांच्या इंधनातून तसा स्फोट होतच नाही. धोका वेगळा आहे, तो पुढच्या उत्तरात.

खानापूरला कैगाची भीती किती बाळगावी? आमच्या नद्यांत काही येईल का?
– शिक्षक, खानापूर

खरी काळजी भट्टी बंद केल्यानंतरच्या उष्णतेची. न्यूट्रॉन गिळणारे कॅडमियमचे दांडे आत पडले की अणू फुटण्याची साखळी काही सेकंदांत थांबते, पण फुटलेल्या अणूंचे इंधनात साठलेले किरणोत्सारी तुकडे तापतच राहतात. बंद केल्या क्षणी 45 ते 50 मेगावॅट, तासाभराने दहा-अकरा, दुसऱ्या दिवशीही चारेक मेगावॅट उष्णता निघत असते. ती वाहून नेणारे पाणी थांबले तर इंधन वितळते. 2011 साली फुकुशिमाला नेमके हेच झाले : भट्ट्या वेळेत बंद झाल्या, पण त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडवली आणि पंप थांबले.

आपल्याकडे याची परीक्षा 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात झाली. तिथल्या भट्ट्याही 220 मेगावॅटच्या, जड पाण्याच्याच. टर्बाइनची पाती तुटली, आग लागली, केबल जळाल्या आणि केंद्राची वीज सुमारे 17 तास गेली. डिझेलवरच्या अग्निशमन पंपांनी स्टीम जनरेटरमध्ये पाणी सोडून भट्टी थंड ठेवली. किरणोत्सार बाहेर पडला नाही. म्हणून 'किती वर्षांत अपघात नाही' या आकड्यापेक्षा केबल वेगवेगळ्या मार्गांनी नेल्या आहेत का आणि डिझेल पंप दर वेळी चालू होतात का, हे विचारणे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

आता अंतर. खानापूर कैगापासून सरळ रेषेत 85 किलोमीटरच्या आसपास, बेळगाव 110. आणीबाणीचे नियोजन 16 किलोमीटरपर्यंतचे असते. काळी नदी कारवारला समुद्राला मिळते. मलप्रभा आणि घटप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जातात. त्यामुळे कैगाचे पाणी तुमच्या नदीत येत नाही. हवेतून काही आले तर ते वाऱ्यावर आणि पावसावर अवलंबून, तिथे नुसते अंतर पाहून निश्चिंत होता येत नाही.

एक लहान पण शिकवणारी घटना : नोव्हेंबर 2009 मध्ये कैगाच्या आत पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, असलेले जड पाणी मिसळले गेले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या लघवीत ट्रिटियम वाढलेले आढळले. त्याला रंग, वास, चव काही नसते. उपाय साधा, भरपूर पाणी पिऊन ते शरीराबाहेर काढणे. इथे यंत्राचा दोष नव्हता, जड पाण्यावर आणि ये-जा करणाऱ्यांवर लक्ष ठेवण्यात चूक झाली होती.

कैगा इतके जवळ, तरी आमच्या मोटरला थ्री फेज करंट रात्रीचाच का? गरजेप्रमाणे भट्टी कमी-जास्त का करत नाहीत?
– ऊस उत्पादक, हुक्केरी

कैगाची वीज दक्षिणेच्या ग्रिडमध्ये, म्हणजे सामाईक वीजजाळ्यात, जाते आणि राज्याराज्यांत वाटली जाते. पंपाचे तास ठरतात ते राज्याची एकूण उपलब्धता आणि वितरण यंत्रणेवर. केंद्र शेजारी असल्याने ते वाढत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचे कारण झेनॉन. भट्टी चालताना आयोडीन-135 तयार होते, त्यापासून झेनॉन-135 बनते. ते न्यूट्रॉन अधाशासारखे गिळते. भट्टी चालू असताना बनणे आणि संपणे यांचा मेळ बसतो. बंद केली की झेनॉन साठत जाते. अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा सुरू करता आली तर ठीक, नाहीतर साधारण दीड दिवस थांबावे लागते. खर्चाचा मोठा भाग बांधकामाचा, इंधन स्वस्त. म्हणून बंद ठेवणे तोट्याचेच. संध्याकाळी मागणी चढते तेव्हा धावून येते ते सुपा धरणाच्या पाण्यावरचे नागझरीचे जलविद्युत केंद्र, काही मिनिटांत.

फायदे-तोटे मोजले तर तुमचा कौल कोणता?
– निवृत्त कर्मचारी, चिकोडी

धुराच्या बाबतीत अणुवीज चांगली. खाणीपासून मोडतोडीपर्यंत सगळे धरून विजेच्या एका युनिटमागे सुमारे 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, कोळशाचा 820. रात्री आणि पावसाळ्यातही ती मिळते. सौर पॅनेलला ते जमत नाही.

तोटा वेळेचा आणि कचऱ्याचा. कैगाचे काम 1989 मध्ये सुरू झाले, 1994 मध्ये बांधकाम चालू असतानाच एका भट्टीच्या आतल्या घुमटाचे काँक्रीट कोसळले आणि व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू व्हायला 2000 साल उजाडले. एवढ्या काळात भांडवलावरचे व्याजच खर्च फुगवते. वापरलेले जुडगे आधी काही वर्षे पाण्याच्या तळ्यात ठेवतात, मग पुनर्प्रक्रिया होते आणि उरलेला तीव्र कचरा काचेत मुरवतात. तो हजारो वर्षे कुठे पुरायचा, याची कायमची जागा देशात अजून तयार नाही.

चालू भट्ट्या नीट सांभाळून चालवाव्यात, असे आमचे मत. नव्यांना मान्यता देताना वेळापत्रक आणि कचऱ्याची जागा आधी मागावी.

घरात आयोडीनच्या गोळ्या ठेवाव्यात का?
– गृहिणी, बेळगाव

गरज नाही. त्या फक्त गळ्यातील थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, इतर कशापासून नाही. त्यांचा उपयोग योग्य वेळी घेतल्या तरच, म्हणून प्रशासन सांगेल तेव्हाच घ्यायच्या. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन हे काम होत नाही, रक्तदाब तेवढा वाढतो.