ड्रोनच्या नियमांवर हरकती पाठवून काही होतं का?

भाऊ, तुम्ही घरी एफपीव्ही (चष्म्यात कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवायचे ड्रोन) जुळवता, सीझनला लग्नाच्या ऑर्डरी घेता, आणि विचारताय की मसुद्यावर हरकती पाठवून काही होतं का, की दिल्लीत सगळं आधीच ठरलेलं असतं.

होतं. ऑक्टोबर 2014 मध्ये डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, एका नोटिशीवर खासगी ड्रोन सरसकट बंद केले होते. तिथून रडतखडत मार्च 2021 चे नियम आले, तेही इतके जाचक की स्टार्टअपवाले, संशोधक, वापरणारे सगळेच ओरडले. जुलैत नवा मसुदा निघाला, 5 ऑगस्टपर्यंत हरकती-सूचना मागवल्या आणि महिना संपायच्या आत नवे नियम लागू झाले. 25 फॉर्मचे 5 झाले, 72 प्रकारच्या फीचे 4. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा, म्हणजे परवानगी घेऊनच उडवायचा भाग, 45 किलोमीटरवरून 12 वर आला. अर्थात सरकारलाच तेव्हा ड्रोनचा धंदा वाढवायचा होता. हौशी मंडळींचं काम उद्योगवाल्यांच्या मागोमाग झालं, हे मान्य करायला हवं.

म्हणून मसुदा हातात आला की आधी स्वतःचे दोन भाग करा. छंद म्हणून 25 किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात उडणारं यंत्र 2021 च्या नियमांत 'मॉडेल' ठरतं, त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोनच्या डिझाइनला मिळणारी सरकारी मान्यता, लागत नाही. लग्नाचं शूटिंग हा धंदा. तिथे ड्रोन 250 ग्रॅमच्या वर गेला की रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. दोन्हींच्या हरकती वेगवेगळ्या पाठवा. एकात मिसळल्या की वाचणारा तुम्हाला धंदेवाला धरतो आणि छंदाचा मुद्दा तिथेच मरतो.

आता मजकूर. सप्टेंबर 2025 च्या नागरी ड्रोन विधेयकाच्या मसुद्यात टाइप सर्टिफिकेटशिवाय ड्रोन बनवायला-जुळवायला मनाई होती, वर कैदेची तरतूद. त्यावर 'हा छंदाचा गळा घोटण्याचा प्रकार आहे' छापाचं लिहून उपयोग नसतो, अधिकारी ते 'विरोध' या खात्यात टाकून मोकळा होतो. त्यापेक्षा असं लिहा: 'कलम अमुक. "जुळवणे" या शब्दानंतर "स्वतःच्या वापरासाठीचे मॉडेल वगळून" असे घालावे. कारण: टाइप सर्टिफिकेट एका ठरावीक डिझाइनला मिळते. घरी जुळवलेल्या यंत्रात मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), फ्लाइट कंट्रोलर सुटे घेतलेले असतात. आपटून फ्रेम मोडली की दुसरी बसते आणि डिझाइन बदलते. दर वेळी नवे सर्टिफिकेट घेणे कोणालाच शक्य नाही.' कलम, बदललेला शब्द, कारण, बस. शंभर जणांनी एकच मेल कॉपी करून पाठवण्यापेक्षा अशा दहा हरकती भारी पडतात, असं माझं मत.

मुदतीवरही हरकत घ्या. मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर असावा, असं केंद्राचंच 2014 चं धोरण आहे. या विधेयकाला 30 सप्टेंबरपर्यंत जेमतेम दोन आठवडे मिळाले होते.

पण खरी अडचण बहुतेकांना दिल्लीत येतच नाही, गावात येते. पोलिसांचे मनाई आदेश. मुंबईत ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर 30-30 दिवसांचे आदेश निघतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली. उलट ड्रोन नियमांत स्थानिक यंत्रणेला तात्पुरता रेड झोन (ड्रोनला मनाई असलेला भाग) एका वेळी फक्त 96 तासांचा करता येतो, तोही पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याने डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलवर जाहीर करून. हा फरक कोणी लेखी मांडतच नाही.

तुम्ही आणि तुमच्या भागातले पाच-सात शूटिंगवाले मिळून एक अर्ज करा. बंदी रद्द करा असं मागू नका, कोणी करणार नाही. आदेश डिजिटल स्कायवर टाका आणि आधीच बुक झालेल्या कार्यक्रमांना कोणत्या टेबलावर परवानगी मिळेल ते आदेशातच लिहा, एवढंच मागा. अर्ज आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर त्याच शिक्क्याच्या तारखेचा हवाला देऊन माहिती अधिकारात 'अर्जावर काय कार्यवाही झाली' हे विचारता येतं.